डोमाजीचं पाखरू

नत्थूकाका कोणतीही वस्तू आधी उलटी करून बघायचे. टपरीवर चहाचा कप हातात आला की घोट घेण्याआधी तो डोक्याच्या वर धरून त्याचं बूड बघणार. माझ्या दुकानात आले की टेबलावरची पाण्याची बाटली उलटी, स्टेपलर उलटा, एकदा तर गिऱ्हाइकाचं हेल्मेटसुद्धा उलटं. "नाव कोठी हाये जी याच्यावर?" हा पहिला प्रश्न. नाव नसलं की असं तोंड करायचे, जणू वरणात मीठच नाही. "बिननावाची वस्तू म्हंजे एक तं चोरीची, नाई तं मेलेल्याची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हेल्मेटवाला बिचारा कुठल्याशा ऑफिसातला बाबू होता. आपल्यावर चोरीचा आळ आला की मरणाचा, हे त्याला बराच वेळ कळेना.

धंदाच त्यांचा नावांचा. भंडाऱ्याच्या भांडेबाजारात माझं फोटोचं दुकान आहे. बाबांच्या काळात तिथे नवरा-नवरीचे फोटो निघायचे. आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. माझ्या शटरला लागून जो दगडी ओटा आहे तो काकांचा. शेजारच्या दुकानातून परात, डबा, पाण्याचा गुंड, जे काही विकलं जाईल ते बाहेर येऊन काकांच्या मांडीवर बसायचं आणि छिन्नी-हातोडीची टिकटिक सुरू व्हायची. चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून सप्रेम भेट. नाव टाकून झालं की बोटाने अक्षरांत काजळ भरायचं, मग फडक्याने सगळी वस्तू लख्ख पुसायची, की अक्षरं काळीभोर उठून दिसायची. ही टिकटिक ऐकतच मी मोठी झाले. फोटो काढताना गिऱ्हाईक नेमकं त्या टिकटिकीवर डोळे मिटायचं आणि बाबा आतून ओरडायचे, "नत्थूभाऊ, जरा दम धरा नं!"

मी त्यांच्यासमोर फ्रॉकमध्ये खेळलेली, तरी दुकानाच्या खुर्चीवर बसायला लागले त्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणायचे. चिडले की मात्र 'पोट्टे'. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे सुतळी. बाजारात समोरच नाव टाकायचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा उठणार. ते उठले नाहीत. "मशीन लिहिते," म्हणायचे, "टाकत नाई." लिहिणं आणि टाकणं यात फरक काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "लिहिलेलं पुसता येते जी. टाकलेलं कोन काढते?"

हे काही ते उगाच बोलायचे नाहीत. एकदा एक बाई परात घेऊन आली, डोळे रडून लाल. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि परातीवर 'विलास व कविता यांस' असं टाकलेलं. विलासचं नाव काढून द्या म्हणाली. काकांनी परात मांडीवर घेतली, अंगठा फिरवला आणि परत दिली. "माय, पितळीवर टाकलेलं नाव निघत नसते. नाव काढाचं म्हटलं तं पितळच काढा लागते. ठेवून दे घरी." बाई मला त्यांच्यादेखत म्हणाली की म्हातारा खवचट आहे. पुढे त्या मुलीचं लग्न जमलं आणि जावई निघाला विकास! ही मी मनाची कथा रचत नाही, बाजारात कोणालाही विचारा. काकांनी 'ल'ला एक दांडी आणि एक वळण जोडून त्याचा 'क' केला, काजळ भरलं आणि बाईला म्हणाले, "पाय, देवानंच वाचवलं. महेश भेटला असता तं मी काय करणार होतो?"

एका हिवाळ्यात पुण्याचे एक साहेब बाजारात आले. निवृत्त इंजिनिअर, गोरे, कमालीचे सभ्य, बोलताना प्रत्येक वाक्याला परवानगी मागितल्यासारखे. त्यांना नाद होता लढाईच्या काळातल्या वैमानिकांच्या बिल्ल्यांचा. छातीवर लावायचे पंख. सरकारकडून कापडाचे मिळायचे, शर्टावर शिवायचे. पण तरण्या पोरांना धातूचे हवे असायचे, चकाकणारे. मग जिथे तळ असेल तिथल्या सोनाराला नाहीतर कासाराला नमुना दाखवून ते करून घ्यायचे. असे बिल्ले आज जगभर लोकांच्या संग्रहात पडून आहेत आणि कोणावरही कारागिराचं नाव नाही. कोणता कुठे घडला हे ओळखायचं आणि त्याचं पुस्तक करायचं, एवढंच साहेबांनी आयुष्यात उरवलं होतं. मला तेव्हा वाटलं, काय काय नाद असतात माणसांना बाप्पा.

त्यांच्या मोबाइलमध्ये एका बिल्ल्याचा फोटो होता. गोंदियाकडे लढाईत विमानांची धावपट्टी होती, तिथली पोरं पितळेसाठी भंडाऱ्याला येत असतील, असा त्यांचा अंदाज. अख्ख्या भांडेबाजारात फोटो दाखवून झाला, सगळ्यांनी माना हलवल्या. थकून माझ्याकडे झेरॉक्स काढायला आले. काका आतच बसले होते. त्यांनी सवयीप्रमाणे साहेबांच्या हातातला मोबाइल घेतला आणि उलटा करून मागे नाव शोधलं. मग सुलटा केला. आणि त्यांची मान जी खाली राहिली ती वर येईना.

"हे तं आमच्या देव्हाऱ्यातलं पाखरू हाये," ते म्हणाले.

काकांचे वडील डोमाजी. तेही याच ओट्यावर बसायचे, ओतकामही करायचे. लढाईच्या दिवसांत दोन गोरी पोरं बाजारात आली, छातीवरचं कापडी पाखरू दाखवलं, खुणेने सांगितलं की असं पितळेचं हवं. डोमाजींनी पंख केले, मुकुट केला, इंग्रजी अक्षरंही हुबेहूब उतरवली. इंग्रजी येत नव्हतं, पण दुसऱ्याचं नाव उतरवणं हाच तर धंदा. अडलं फक्त मधल्या कड्यापाशी. अक्षरांभोवती पानांचं एक गोल कडं होतं, आणि ती पानं कोणत्या झाडाची हे डोमाजींना काही केल्या समजेना. "माया बापानं लय इचार केला," काका सांगायचे, "अना म्हणे, गोल वाकून राहिलं, दोनी बाजूनं भरून राहिलं, म्हंजे धानाची लोंब! दुसरं काय असते असं?" म्हणून डोमाजींच्या पाखराला पानांच्या जागी भाताच्या लोंब्या आहेत. दाणा दाणा छिन्नीने टाकलेला. पोरं हसली म्हणे, पण आनंदाने घेऊन गेली आणि मग आणखी पोरं आली. एक बिल्ला ओतताना कडेला जरा कमी भरला, तो घरी राहिला. डोमाजींच्या बायकोने तो गरुड समजून देव्हाऱ्यात ठेवला. पंख आहेत, मुकुट आहे, अजून काय हवं! तेव्हापासून त्याला रोज हळदकुंकू.

साहेबांच्या फोटोतल्या बिल्ल्यालाही त्याच लोंब्या होत्या. पुस्तकाचं कच्चं पान त्यांच्या पिशवीतच होतं. इंग्रजीत होतं, ते मी काकांना सांगितलं. फोटोखाली लिहिलं होतं: ठिकाण अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?"

"माहीत नाही, असं."

काका उसळलेच. "अज्ञात तं ते राहतात, रुळावर सापडलेले! पेपरात येते नं, अनोळखी इसम? माया बापाचं पाखरू अनोळखी इसम हाये काय?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "काका, मला पटलंय. पण पुस्तकात भंडारा लिहायचं तर मला पुरावा लागेल. लोंबी कोणीही कोरू शकतो."

त्या दिवशी काकांना जे लागलं ते लागलं. त्यांना पोरबाळ नव्हतं. आणि डोमाजींचं या जगात कुठे काही उरलं नव्हतं. कागदावर माणूस शोधणं हे माझं रोजचं काम. मी डोमाजींना सगळीकडे शोधून पाहिलं. जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही. शाळेत गेले नाहीत म्हणून दाखला नाही. आमच्याच स्टुडिओच्या दाराशी जन्म काढला आणि एक फोटो नाही. "गावभराची नावं टाकली माया बापानं," काका म्हणायचे, "अना त्याचं नाव कोठीच नाई. ते एक भंडारा त्या पुस्तकात आलं, अना बाजूले डोमाजी, मंग मी मोकळा." हे ते दिवसातून किती वेळा म्हणायचे कोण जाणे. मी कंटाळून "हाव काका" म्हणायचे.

पुरावा साहेबांनीच शोधला. माझ्या जेवणाच्या डब्यावर काकांनी माझं नाव टाकलेलं होतं. साहेबांनी त्यावर भिंग धरलं आणि मला बोलावलं. प्रत्येक ठोक्याच्या उजव्या बाजूला एक बारीक शेपटी होती, केसाएवढी. काकांची छिन्नी पाहिली तर तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला. छिन्नी कोणाची? डोमाजींची. टवका कधीचा? "मी पाह्यलं तवापासून हाये," काका म्हणाले. म्हणजे लोंबीच्या दाण्यांवरही ती शेपटी असली पाहिजे! साहेबांनी लगेच मोबाइल काढला. त्यातला फोटो मोठा करून बघितला, नुसता धुरकट. तो बिल्ला परदेशातल्या एका म्हाताऱ्याकडचा. म्हातारा वारला, संग्रह कुठेकुठे विकला गेला, हाती फक्त तो फोटो.

मग सगळे काकांच्या घरी गेलो, देव्हाऱ्यातलं पाखरू बघायला. काकू दारात उभ्या. "देव काय कोनी बाहीर काढते का? दुरून पाहा." दुरून काय दिसणार! सत्तर-ऐंशी वर्षांचं हळदकुंकू बसून पाखराचा लाल गोळा झाला होता. मी फोटो काढला, त्यातही लाल गोळाच. पण साहेब खूश होते. म्हणाले, हा थर म्हणजे तर सोनं आहे. याच्या खाली जुनी रेघ जुन्या मळासकट जपलेली असणार. पुण्याला त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की झालं. काकू काही हलल्या नाहीत. साहेब हात जोडून गाडीला गेले.

काकूंचं मन वळेपर्यंत काकांनी दुसरा मार्ग धरला. डोमाजींनी लढाईच्या सालात नाव टाकलेलं एखादं भांडं, त्यावर साल असलेलं, कुठेतरी सापडेलच की. मलाही ओढलं. अड्याळ गावात आम्ही दोघं घराघरात शिरून लोकांची भांडी उलटी करत फिरलो. एका घरात कुत्रं सोडलं आमच्यावर. पितळ राहिलंच होतं कुठे! सगळीकडे स्टील. जिथे होतं तिथे राखेने आणि चिंचेने घासून घासून अक्षरंच बुजलेली. शेपटी कसली दिसतेय. करडी गावात एक आजी भेटली, तिला आठवत होतं, तिच्या सासूच्या गुंडावर डोमाजींनी नाव टाकलं होतं, साल पण होतं. काकांचा चेहरा असा फुलला! "दाखव नं माय." आजी म्हणाली, "गेल्या दिवाळीले मोडीत घातला बावा. नातसुनेले कुकर घेतला." परतीच्या एसटीत काका खिडकीकडे तोंड करून बसले. मी शेंगा घेतल्या, त्यांनी हात लावला नाही. गावात शिरताना म्हणाले, "आता पाखरूच राह्यलं, बाई."

काकूंनी शेवटी होकार दिला. कसा दिला, ते त्या दोघांनाच माहीत. मला काका एवढंच म्हणाले, "रडली. पन देतो म्हणे." मी साहेबांना फोन लावला. साहेब चारचारदा सांगत होते, जसं आहे तसं पाठवा, अजिबात साफ करू नका. मी काकांना समोर बसवून बजावलं. "काका, चिंच नाई लावाची. राख नाई. पाणीसुद्धा नाई. घासाचं नाई म्हंजे नाई." काका म्हणाले, "पोट्टे, मले काय शिकवून राहिली? घासत नाई." आणि देवाशपथ सांगते, त्यांनी घासलं नाही. शब्दाचे पक्के. सकाळी पाखरू घेऊन कुरिअरवाल्याकडे गेले, ते स्वतःच्या हाताने शिवलेल्या पिशवीत, तोंड टाके घालून बंद केलेलं. जाताना ओट्याला पाय लागला तर ओट्याला नमस्कार केला.

ते दिवस काकांचे फार चांगले गेले. टिकटिकीलाही वेगळाच ठेका. मशीनवाल्याला बोलावून चहा पाजला. काकूंना म्हणाले, पुस्तक आलं की ते देव्हाऱ्यात ठेवू. मला तर वैताग आणला; दर तासाला, "आला का साहेबाचा फोन?"

फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. काका स्टुलावर, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे.

"काका," साहेब म्हणाले, "बिल्ल्याच्या मागे हे काय आहे?"

काकांचा चेहरा उजळला. "दिसलं नं जी? 'कै. डोमाजी भांडेकर, भंडारा, यांजकडून.' मीच टाकलं! पहिल्यांदा घराच्या बाहीर चाल्लं होतं, म्हटलं बिननावाचं कसं पाठवाचं? तिथं प्रयोगशाळेत कोनाच्या हातात गेलं, हरपलं, तं?"

साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, 

"कधी टाकलं?"

"पार्सलाच्या सकाळी. त्याच्याच छिन्नीनं टाकलं. ठोकताना समोरचं हळदकुंकू झडलं, मंग काजळ भरलं, दोनी बाजूनं पुसलं. घासलं नाई हां, बाईले विचारा. नुसतं फडकं मारलं."

नुसतं फडकं मारलं! कपाळावर हात मारून घ्यावा असं मला झालं. काकांना कोणी दोष देऊ शकत नव्हतं. या बाजारातून वस्तू बाहेर जाताना नाव टाकून, काजळ भरून, पुसून जाते. त्यांच्या बापजन्मी दुसरं काही झालं नव्हतं. चिंच लावू नका हे सांगायचं सुचलं. नाव टाकू नका हे पुण्याच्या साहेबांना सुचलं नाही आणि भंडाऱ्यात तर ते कोणाला सुचूच शकत नाही.

साहेब फार हळू बोलले. "काका, पुढच्या दाण्यांवर मला ती शेपटी दिसतेय. अगदी स्वच्छ. पण मागच्या अक्षरांवरही तीच शेपटी आहे. छिन्नी तीच, काजळ तेच, जुना थर गेलेला. उद्या कोणी म्हणालं की पुढचे दाणेही याच माणसाने गेल्या महिन्यात टाकले, तर माझ्याकडे उत्तर नाही."

"मी सांगतो नं जी. मी कायले टाकीन?"

"तुम्ही सांगता, मी मानतो. पण पुस्तकात मानलेलं लिहिता येत नाही."

"म्हंजे माया बाप खोटा?"

"नाही हो, काका. खोटा नाही. खरा म्हणता येत नाही, इतकंच."

 बाहेर मशीनचा घर्रर्र आवाज चालला होता. मग काकांनी फोनकडे वाकून, अगदी नीट समजून घ्यायचं आहे अशा आवाजात विचारलं, "म्हंजे मी नाव टाकलं नसतं, तं त्याचं नाव लागलं असतं?"

"हो," साहेब म्हणाले.

मला साहेबांचा भयंकर राग आला. खोटं बोलता येत नव्हतं का त्यांना? पण ते खोटं बोलणारे असते तर काकांनी एवढी आस कशाला लावली असती? मी चहा मागवला. चहा आला. काकांनी कप उचलला आणि तसाच तोंडाला लावला. बूड बघितलं नाही.

पाखरू परत आलं. काका ते घेऊन माझ्याकडे आले, दुसऱ्या हातात कानस. "बाई, घासलं तं नाव निघन नं? मंग पुन्हा पाठवू." मी काही बोलायच्या आधी स्वतःच मान हलवू लागले. पाखराच्या मागे अंगठा फिरवत राहिले. "नाई. नाव काढाचं तं पितळ काढा लागन. पितळ तं त्याचं हाये. मी कसा काढू?" कानस त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली ती अजून माझ्याकडेच आहे.

काकूंनी पाखरू देव्हाऱ्यात ठेवलं, नाव खाली करून, आणि पुन्हा हळदकुंकू सुरू केलं. काका ओट्यावर यायचे, पण काम आलं की हात वर करायचे. "डोळ्याले दिसत नाई," म्हणायचे, आणि समोरच्या मशीनकडे बोट दाखवायचे. डोळ्यांना चांगलं दिसत होतं. एकदा मी मुद्दाम माझी बाटली त्यांच्यासमोर उलटी ठेवली, म्हटलं काहीतरी बोलतील. त्यांनी ती सरळ करून बाजूला सारली. मला आत जाऊन रडावं लागलं.

पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पहिल्या पानावर साहेबांची सही. पाखराचं पान काकांनी मला काढायला लावलं. तोच धुरकट फोटो, त्याच लोंब्या, खाली तेच इंग्रजी शब्द. "वाच," म्हणाले. मी वाचलं. "मराठीत सांग." सांगितलं: ठिकाण अज्ञात. शेवटी आभाराच्या पानावर काकांचं नाव होतं, अगदी पूर्ण, मोठ्या आदराने. मी ते दाखवलं. काका म्हणाले, "माया नावाचं काय करू मी?" आणि पुस्तक मिटून माझ्या झेरॉक्स मशीनवर ठेवून गेले. देव्हाऱ्यात नेलं नाही.

कापणीच्या दिवसांत ते गेले. छाती भरली होती, दवाखान्यात नेलं, तिथून आले नाहीत. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले होते. बोलत नव्हते; हाताला लावलेल्या चिकटपट्टीवर नर्सने पेनने नाव लिहिलं होतं, त्यावरून बोट फिरवत होते.

तेरवीला काकूंच्या भाच्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे स्टीलचे ग्लास वाटले, काकांचं नाव टाकून. नाव अर्थातच समोरच्या मशीनवर. पंगतीत ग्लास पुढ्यात आला आणि माझ्या हाताने तो आपोआप उलटा झाला. बुडावर बारीक करड्या अक्षरांत होतं: स्व. नत्थू डो. भांडेकर यांच्या स्मरणार्थ.

मशीनवाला वाढायलाच होता. "काहून रे," मी त्याला म्हटलं, "डो. काहून?"

"ताई, बुडाले जागा किती राहते? पूर्ण बसून नव्हतं राह्यलं."

माझ्या शेजारी अड्याळकडचे कोणी पाहुणे बसले होते. मी बघतेय म्हणून त्यांनीही आपला ग्लास उलटा केला, डोळे बारीक करून वाचलं. "डो म्हंजे काय जी?"

"डोमाजी," मी म्हटलं. "काकांचे वडील. ते पाखरं करायचे, पितळेची. भंडाऱ्यात."

"असं असं," म्हणाले ते, आणि ग्लास सरळ करून मठ्ठेवाल्यापुढे धरला.